झेंडूच्या दिवसांतली माफी

झेंडू फुलायला लागला की माझी झोप पातळ होते. घरच्यांना वाटतं, तोडणीची काळजी. तीही असेल. आश्विन लागला की आमच्या वलगावच्या शिवारात कोणाला बसायला सवड नसते. पावसाने उघडीप दिलेली असते, काळी माती अजून पायाला चिकटत असते आणि पिवळ्या-केशरी ओळी डोळ्यांत भरत असतात. घट बसल्यापासून दसऱ्यापर्यंत जो माल बाजारात जाईल तोच आपला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी झेंडूला कुत्रं विचारत नाही. म्हणून त्या दिवसांत घरातलं लहानथोर, आलागेला, सगळे वावरात असतात. ज्याला दोन हात आहेत त्याने फुलं तोडायची, बाकी सगळं नंतर. ताप नंतर, भांडण नंतर, नवी साडीही नंतर. माणसंसुद्धा नंतर, असं लिहिणार होते. पण ते पुढे येईलच.

झेंडूला सुवासिक म्हणणाऱ्यांनी तो कधी पोत्याने तोडलेला नसतो. दिवसभर तोडला की बोटं हिरवी-काळी होतात, साबणाने घासली तरी वास सुटत नाही, आणि रात्रीच्या भाकरीचा पहिला घास कडू लागतो. मला त्या कडवट वासापाठोपाठ हमखास दुसरा वास येतो, फिनेलचा. वावरात फिनेल कुठून येणार! पण येतो. आणि मग मी मळ्यात उभी असूनही अकोल्याच्या एका दवाखान्यात, खिडकीजवळच्या खाटेशेजारी स्टुलावर बसलेली असते.

त्या खाटेवर आई होत्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई. जन्म देणारीला मी माय म्हणायची, त्यामुळे या दोन शब्दांची माझ्या मनात कधी गल्लत झाली नाही. त्या वर्षी ऐन नवरात्रात आई धुऱ्यावरून, म्हणजे वावराच्या बांधावरून, घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. अमरावतीत दवाखान्यांना तोटा नाही. पण माझी नणंद ज्योतीताई अकोल्याला जठारपेठेत राहते. तिने फोनवरच हुकूम सोडला, "इकडंच आना आईले. डबा माह्या घरून येईन. तुमी तिकडं फुलं पाहान का आईले पाहान?" तिचं बरोबर होतं. ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर म्हणाले, हाड छान बसलंय, आजी लवकरच काठी घेऊन चालतील. हे ऐकून आमचे हे आल्या पावली मळ्यात परतले आणि मी मागे राहिले. स्टुलावर बसून मी आईंच्या पायाकडे बघत होते आणि मनात मात्र खालच्या तुकड्यातला झेंडू उमलून गेला असेल का, याचा घोर होता. लिहितानाही लाज वाटते, पण होता.

दवाखान्यात भेटायला येणाऱ्यांची एक वेगळीच जात असते. कोणी संत्र्यांची पिशवी ठेवतं आणि लगेच, आपल्या भाच्याचं असंच ऑपरेशन कसं बिघडलं ते रंगवून सांगतं. कोणी सलाईनच्या थेंबांकडे टीव्ही पाहावा तसं पाहत बसतं. आणि सगळे आजाऱ्याला ओलांडून आपल्याशी बोलतात. "जेवतात का? झोप लागते का? सकाळी झाली का?" जणू खाटेवरचं माणूस घरी नाही, आणि त्याचा निरोप आपण घेऊन ठेवायचाय. आई पडल्या पडल्या छताचा पंखा बघत हे सगळं ऐकायच्या. एकदा चिडून म्हणाल्या, "मले इचारा नं! हाड मोडलं, जीभ नाही मोडली." पण विचारलं कोणीच नाही. शरीराच्या चौकशीला सकाळ-संध्याकाळ डॉक्टर येतात. मनात काय चाललंय हे विचारायला कोणी येत नाही, आणि आजारी माणसाला तर दिवसभर तेवढाच एक उद्योग असतो.

तेवढ्याच कामासाठी येणाऱ्या होत्या कुमुदताई. जठारपेठेतल्या बायकांचं त्यांचं लहानसं भजनी मंडळ होतं. एरवी ते आठवड्यातून एकदा वॉर्डात यायचं, नवरात्रात रोज. टाळ नाही, पेटी नाही. हळू आवाजात एखादं भजन आणि मग खाटेखाटेशी जाऊन बसणं. बसणं हे महत्त्वाचं. बाकी सगळे उभे राहून बोलायचे, घड्याळ बघत. कुमुदताई स्टूल ओढायच्या, पदर सावरायच्या आणि विचारायच्या, "कोणाची आठवण येते?" दुखण्याबद्दल एक अक्षर नाही. आणि काय जादू होती त्या प्रश्नात कोण जाणे, दांडगी दांडगी माणसं भडाभडा बोलू लागायची. समोरच्या खाटेवरचा एक मिशाळ गडी, जो नर्सला दरडावायचा, तो कधीच्या वारलेल्या थोरल्या बहिणीचं नाव घेऊन हुंदके देताना मी पाहिला. मला वाटायचं, औषधाने जे उतरत नाही ते या बाई उतरवतात. अजूनही वाटतं. फक्त उतरलेलं कोण उचलतं, हा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता.

निघताना कुमुदताई सगळ्यांना तीर्थ द्यायच्या. तांब्याच्या गडूतलं पाणी, पळीभर, तळहातावर, आणि वर त्यांच्याच गॅलरीतल्या तुळशीचं एक पान. पण मंडळ आईंच्या खाटेशी पहिल्यांदा आलं त्या दिवशी आईंना उठून बसायची अजून मुभा नव्हती. एका हाताला सलाईन, दुसरा खांद्यापासून मुका मार लागून सुजलेला. म्हणून कुमुदताईंनी पळी थेट त्यांच्या ओठांना लावली आणि पान अलगद जिभेवर ठेवलं. प्रेमाने केलं. आडव्या माणसाच्या तोंडात तुळशीपान आणि पाणी आपल्यात कधी घालतात, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही. आईंना पंखा आणि वर वाकलेले आमचे चेहरे एवढंच दिसत होतं. बाकीच्या खाटांवरही तेच वाटप चाललंय हे दिसायला मार्ग नव्हता. त्यात ज्योतीताई हळवी. भजनाने तिचे डोळे भरून आले होते आणि ती पायथ्याशी उभी राहून पदराने डोळे पुसत होती.

आईंनी ते पान सावकाश चावलं, गिळलं. मंडळ पुढच्या वॉर्डात गेलं. मग त्या म्हणाल्या, "ज्योती, बाबूले फोन लाव. ये म्हना."

बाबू म्हणजे आमचे हे.

"काहून वं आई? तो मळ्यात आहे. तोडणी चालू आहे नं."

"माल राहू दे म्हना."

माल राहू दे! नवरात्रात! ज्या बाईने माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला, हातावरची मेंदी उतरायच्या आधी, मला फुलांच्या ओळीत उभं केलं, ती बाई म्हणत होती माल राहू दे. ज्योतीताई कुरकुरत फोन लावायला दाराशी गेली आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आईंना वाटत होतं, आपलं संपलं. आपल्याला सोडून सगळ्यांना ते कळलंय.

एक वाक्य पुरेसं होतं. आई, तीर्थ सगळ्यांनाच देतात हो, तुम्ही दोन दिवसांत घरी चाललात. ते वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. तेवढ्यात त्यांनी सुजलेला हात सरकवून माझं मनगट धरलं. इतक्या वर्षांत त्यांनी माझा हात असा कधी धरला नव्हता. मी गप्प राहिले. दयेने नाही. पुढे काय येतंय ते ऐकायचं होतं मला.

"मंदा, तुह्या मायचा फोन आलता."

माय जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी गेली ती, आणि मला कळलं ते गेल्यावरच. मळ्यात माझ्या मोबाईलला रेंज नसते, म्हणून माय नेहमी आईंच्या बटणांच्या फोनवर करायची.

"कधी?" मी विचारलं.

"घट बसले होते तवा. तू वावरात होती. मी तुले सांगतलंच नाही. मजूर भेटून नव्हते राहिले, सगळा माल फुलून आलता. म्हनलं, दसरा झाला का सांगीन. मंग थे गेलीच. मंग कोणत्या तोंडानं सांगू तुले?" त्यांना दम लागला होता. थांबून त्या पुन्हा म्हणाल्या, "तुही माय फोनवर म्हणे…"

"जाऊ द्या आई," मी म्हणाले. "माफ केलं मी. मनात काही ठेवू नका." आणि पाण्याचा चमचा भरून त्यांच्या ओठांना लावला. "बोलू नका आता, दम लागते." त्यांनी पाणी घेतलं. डोळ्यांच्या कडांतून दोन्ही बाजूंनी उशीवर ओघळ गेले. दाराशी उभ्या ज्योतीताईने शेवटचं तेवढं ऐकलं आणि ती हमसून रडू लागली.

त्या दिवशी मी फार मोठी झाले. ज्योतीताईने कुमुदताईंना सांगितलं, कुमुदताईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "मोठ्या मनाची आहेस गं," त्या म्हणाल्या. मी खाली मान घातली. लोकांना तो विनय वाटला. खरं म्हणजे मी माफीचं बूच करून एका बोलणाऱ्या बाईचं तोंड बंद केलं होतं. तिच्याकडे माझ्या मायचे शेवटचे शब्द होते. जगात दुसऱ्या कोणाकडेही नव्हते. ते तिच्या ओठांपर्यंत आले होते आणि मी चमच्याने परत आत ढकलले.

दुसऱ्या दिवशी आईंच्या खाटेचा डोक्याकडचा भाग उचलला. त्या टेकून बसल्या. मंडळ आलं, भजन झालं, तीर्थ सुरू झालं. मिशाळ गड्याला मिळालं. त्याच्या शेजारी बिस्किटं खात बसलेल्या, संध्याकाळी घरी जाणाऱ्या माणसालाही मिळालं. आईंनी ती पळी खाटेखाटेवरून फिरताना पाहिली. "बाप्पा," एवढंच म्हणाल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी घाईघाईने चादर झटकायला घेतली. काल मला ठाऊक होतं, हे त्यांना त्या झटकण्यातच कळलं असणार.

घरी आणल्यावर मी त्यांची जी सेवा केली तिला गावात तोड नव्हती. गरम पाण्याचा शेक, वेळेवर गोळ्या, दुधात कुसकरलेली भाकरी. शेजारच्या बायका आपापल्या सुनांना माझा दाखला द्यायच्या. पण एखाद्याला सेवा करूनही उपाशी ठेवता येतं. मी ताट ठेवायची आणि उठायची. त्यांच्याजवळ टेकायची नाही. त्यांनी "तुही माय त्या दिवशी" असं काही काढलं की मला चुलीवरचं दूध आठवायचं. दूध नसेल तर वाळत घातलेले कपडे. माफ केलेल्या माणसाला टाळायला किती कामं सापडतात, हे मी त्या घरात शिकले. ते अर्धं वाक्य मात्र तसंच राहिलं. आम्ही दोघी त्याच्या दोन बाजूंनी स्वयंपाक करायचो.

आता का टाळत होते, तेही सांगून टाकते. माझं माहेर अकोल्याच्या पलीकडे, बार्शीटाकळीच्या वाटेवर. माय गेली त्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी माझा मोठा भाऊ आमच्याकडे आला होता. ओट्यावर चहा पीत म्हणाला, "माय खंगून राहिली वं. एकडाव येऊन जाय." त्या वेळी तोडणी नव्हती, खुरपणीही उरकली होती. जायला कोणाची ना नव्हती. मी म्हणाले, "दसरा झाला का येतो." इतकं सहज म्हणाले की भावानेही मान हलवली. म्हणजे आईंनी फोन लपवायच्या कितीतरी आधी मीच माझ्या मायला दसऱ्यानंतरवर टाकलं होतं. आणि म्हणून दवाखान्यात आईंनी कबूल केलं तेव्हा मला आधी संताप आला नाही. आधी सुटल्यासारखं वाटलं. चला, दोष द्यायला कोणीतरी मिळालं. माफ करणारीच्या जागेवर बसलं की आरोपीच्या जागेकडे कोणी बघत नाही. या एका गोष्टीची मला जितकी शरम वाटते तितकी दुसऱ्या कशाचीच नाही.

आता मी स्वतः अमरावतीच्या एका दवाखान्यात जाते. वलगावच्या आम्ही चारपाच बायका, तोडणी नसेल तेव्हा. तीर्थ नेत नाही. स्टूल ओढून बसणं तेवढं कुमुदताईंचं उचललंय. काहींना देवाचं नाव हवं असतं, ते घेते. काहींना नको असतं. नांदगाव पेठेतले, कापडाच्या गिरणीत उभा जन्म काढलेले एक म्हातारे होते, यकृताच्या दुखण्याने पिवळे पडलेले. मी हात जोडले तर म्हणाले, "देवाचं राहू द्या बाई. तुमच्या वावरात काय लावलं थे सांगा." मग मी त्यांना झेंडू सांगितला. रोपं कधी लावली, कळी कधी धरली, अळी कुठून आली. डोळे मिटून ऐकायचे. त्यांना घरी न्यायला आलेल्या मुलाला ते म्हणाले, "या बाई लय चांगलं ऐकून घेतात. यांच्या घरचे लोक नशीबवान." मी हसले आणि बाहेर जिन्यात येऊन कठड्याला धरून उभी राहिले. परक्यांच्या आया, बहिणी, सोडून गेलेली पोरं, सगळं मी ऐकून घेत होते. घरी एक म्हातारी एका वाक्यासाठी माझी वाट बघत होती. बसमधून उतरल्यावर मी ठरवायची, आज विचारायचं. दारात चपला काढेपर्यंत ते ठरवणं विरून जायचं.

यंदा पुन्हा झेंडू आला. चांगला आला. आई आता फार चालत नाहीत, पण काठी टेकत वावरात येतात आणि धुऱ्याजवळ उपड्या कॅरेटवर बसून किडकी फुलं निवडून काढतात. परवा हे माल घेऊन अमरावतीला गेले होते, मजूर बाया वरच्या तुकड्यात होत्या. मी ओटीत भरलेली फुलं आईंपुढे रिकामी करत होते.

"मंदा," त्या निवडता निवडता म्हणाल्या, "तू मले माफ केलं म्हनली होती."

"हो."

"थे मरणाऱ्या बाईले केलं होतं. मी त मेली नाही." एक किडकं फूल त्यांनी मागे भिरकावलं. "तुले परत घ्यायचं असन त घे. मी काई म्हणत नाही."

यावर काय म्हणायचं असतं ते मला येत होतं. असं काय बोलता आई, किती जुनी गोष्ट, चला चहा आणते. तोंड उघडलं तर बाहेर आलं, "घेतलं."

"बरं केलं," आई म्हणाल्या, आणि त्यांचे खांदे सैल पडले. "लय गोड वागून राहिली होती तू. मले माह्याच घरात पाहुणी असल्यासारखं वाटे."

मी मातीतच बसले, त्यांच्या पायांशी. दवाखान्यात शंभर वेळा परक्यांजवळ बसले होते तशी. "माय काय म्हणे फोनवर?"

त्यांचे हात थांबले. "म्हणे, पोरीले सांगू नका. फुलाचे दिवस आहेत, धावपळ होईन तिची. दसरा झाला का सवडीनं येऊ द्या."

मायचा आवाज मला जसाच्या तसा ऐकू आला. 'सवडीनं' म्हणताना ती 'स' जरा लांबवायची. मला रडू आलं आणि रागही आला, आणि राग आईंवरच निघाला. "मंग तुमचं काय चुकलं? मायनंच त सांगू नका म्हनलं! हे आधी काहून नाही सांगतलं?"

"येऊ नको सांगाले कोणती माय फोन करते वं?" आई माझ्याकडे बघत म्हणाल्या. "मले तवाच समजलं होतं. समजून मी फोन ठेवला, अन् तुह्या बाजूच्या ओळीले येऊन लागली."

वरच्या तुकड्यातून बायांचं हसणं येत होतं. मी म्हणाले, "आई, मलेही ठाऊक होतं. पोळ्याले दादा सांगून गेलता. मीच म्हनलं होतं, दसरा झाला का येतो."

"माहीत आहे मले. मी तठी चुलीपाशीच होती."

इतकी वर्षं त्यांना ठाऊक होतं. "मंग दवाखान्यात माहं नाव काहून नाही घेतलं? सगळं तुमच्या एकटीवरच काहून घेतलं?"

आईंनी पुढचं फूल उचललं, उलटसुलट करून पाहिलं आणि चांगल्यांच्या ढिगात टाकलं.

"मरत होती नं मी. म्हनलं, दोघींचंही संगं घेऊन जातो."